उचगाव फाट्यावरचे निवडशास्त्र

विद्यार्थ्याने रोजच्या जगण्यात कोणत्या लहानसहान निवडी केल्या असता त्याचे स्वतःचे, पर्यावरणाचे आणि समाजाचे एकाच वेळी कल्याण होते, या विषयावरील उपदेशपर वाङ्मय मराठीत विपुल आहे. पहाटे उठावे, पायी चालावे, पाण्याची बाटली घरून न्यावी, शेजारी बसलेल्याशी दोन शब्द बोलावेत आणि प्लास्टिकचा मोह टाळावा, ही पंचसूत्री त्यात थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळते. विद्यार्थ्यापुढे नेहमी दोन वाटा असतात आणि त्यांतील एक तो विचारपूर्वक पसंत करतो, असे या वाङ्मयाने गृहीत धरलेले असते. बेळगाव–वेंगुर्ला रस्त्यावरील उचगाव फाट्यावर सकाळी सात ते नऊ या वेळेत ताटकळणाऱ्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले असता हे गृहीतक फार वेळ तग धरत नाही. तेथे वाट एकच असते, ती बेळगावला जाते, आणि तिच्यावरून येणारी बस मागच्या गावांनीच भरून पाठवलेली असते.

उचगाव हे बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील मराठीभाषक गाव होय. शहरातून निघालेला वेंगुर्ल्याचा रस्ता हिंडलगा आणि सुळगा मागे टाकून उचगाव फाट्याला येतो. तेथून एक रस्ता गावात शिरून पुढे बेकिनकेऱ्याकडे आणि रणजित देसाईंच्या कोवाडकडे जातो, तर मूळ रस्ता तुरमुरी व बाचीवरून शिनोळीला पोहोचतो, जेथे बेळगाव जिल्हा संपलेला असून कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुका सुरू झालेला असतो. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेने हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि त्यानंतर येथील मुलांच्या आणखी काही पिढ्या दहावी उत्तीर्ण झाल्या. ज्या प्रदेशाला आपण कोणत्या राज्यात असावे याची निवड अद्याप करता आलेली नाही, तेथील विद्यार्थ्याला बसमध्ये खिडकीजवळची जागा निवडता येईल, अशी अपेक्षा बाळगणे हे उपदेशकाच्या भूगोलाविषयी शंका उत्पन्न करणारे आहे.

येथे दहावीच्या परीक्षेला एसएसएलसी म्हणतात आणि त्यापुढील दोन वर्षांना पीयूसी, म्हणजे विद्यापीठपूर्व अभ्यासक्रम. दहावीपर्यंत गावात किंवा शेजारच्या गावात मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा पीयूसीसाठी शहरात जातो, तेथे विज्ञान किंवा वाणिज्य शाखा घेतल्यास इंग्रजी माध्यमात पडतो, आणि या स्थित्यंतराचे वाहन अलंकारिक नसून वायव्य कर्नाटक परिवहनाची प्रत्यक्ष बस असते. शहरात पर्याय पुष्कळ आहेत. १९३३ सालचे लिंगराज महाविद्यालय आहे, आणि राणी पार्वतीदेवी महाविद्यालय आहे, जेथे पु. ल. देशपांडे यांनी काही काळ अध्यापन केले. ही माहिती त्या महाविद्यालयात प्रवेश न मिळालेला विद्यार्थीही तितक्याच अभिमानाने देतो. तथापि महाविद्यालयाची निवड करताना अभ्यासक्रम, प्राध्यापक आणि ग्रंथालय यांपेक्षा ते बसथांब्यापासून किती पावलांवर आहे, हाच विचार निर्णायक ठरतो, असे फाट्यावरील बहुमत आहे.

सार्वजनिक वाहतुकीचा अंगीकार ही पर्यावरणनिष्ठेची पहिली खूण मानली जाते. त्या निकषावर उचगावचा विद्यार्थी हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या कोणत्याही प्रतिनिधीहून सरस ठरतो, कारण प्रतिनिधी परिषदेला विमानाने जातात आणि हा वर्षानुवर्षे बसने, तोही बहुधा एका पायावर, प्रवास करतो. पन्नासएक आसनांच्या गाडीत आसनसंख्येचा मुलाहिजा न ठेवता माणसे मावतात तेव्हा दरडोई डिझेलचा खप इतका खाली येतो, की दारात लोंबकळणाऱ्याच्या वाट्याला तर डिझेलपेक्षा वाराच अधिक येतो. असे असले तरी या निष्ठेचे श्रेय त्याला देताना अभ्यासकाला हात आखडता घ्यावा लागतो; दुसरे वाहन मिळाले असते तर आपण ते कधीच घेतले असते, हे तो स्वतःच कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो. पर्यायाच्या अभावी घडणाऱ्या अशा सद्वर्तनाला सोयीसाठी ‘अगतिक सदाचार’ म्हणता येईल, आणि शपथ घेऊन, फलक धरून, शक्यतो छायाचित्रासह केल्या जाणाऱ्या सद्वर्तनाला ‘संकल्पित सदाचार’. उपदेशपर वाङ्मय केवळ दुसऱ्या प्रकाराची दखल घेते. जगातील बरेचसे चांगले काम मात्र पहिल्या प्रकाराने उरकलेले असते, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही, कारण ते करणाऱ्याला आपण काही चांगले करतो आहोत याची वार्ताही नसते.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजना लागू झाली आणि राज्यातील रहिवासी महिलांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला. तत्पूर्वी, १७ मार्च २०२३ पासून, महाराष्ट्राने एसटीच्या प्रवासात महिलांना तिकिटात पन्नास टक्के सवलत दिली होती. परिणामी बाचीच्या अलीकडे पूर्ण आणि पलीकडे अर्धे अशी स्त्रीसन्मानाची दोन परिमाणे एकाच रस्त्यावर नांदू लागली, आणि माहेर शिनोळीच्या बाजूला व सासर उचगावच्या बाजूला असलेल्या स्त्रियांमध्ये सीमाप्रश्नाविषयी पूर्वी कधी नव्हती इतकी आर्थिक जाण निर्माण झाली. मोफत प्रवासासाठीही तिकीट घ्यावे लागते. त्याला शून्य तिकीट म्हणतात. महामंडळाला सरकारकडून भरपाई मिळायची तर किती महिलांनी किती प्रवास केला याची नोंद हवी, म्हणून वाहक प्रत्येकीचे ओळखपत्र पाहतो, यंत्राची कळ दाबतो आणि शून्य रुपये असे छापलेला कागद तिच्या हाती देतो. हा कागद जपून ठेवणाऱ्या आज्ज्या या भागात आहेत. फुकट मिळालेल्या वस्तूची पावती सांभाळावी, पुढेमागे कुणी पैसे मागायला आले तर दाखवता येते, हा त्यामागील व्यवहारविचार सरकारी कारभाराचा दीर्घ अनुभव दर्शवतो.

योजनेने आणखी एक सामाजिक फेरबदल घडवला. एकाच घरातून निघालेली बहीण शून्य तिकिटावर आणि भाऊ पैसे भरून काढलेल्या सवलतीच्या पासवर प्रवास करू लागल्याने, पास घरी विसरण्याचा दोष फक्त मुलग्यांच्या माथी उरला, आणि वाहकाने हटकल्यावर “मामा, पास घरात ऱ्हायला की” हे वाक्य उच्चारताना आवाजात आणावा लागणारा करुण रसही आता केवळ त्यांच्याच अभ्यासाचा विषय झाला. गर्दी वाढली हे खरेच. पण गर्दी ही या लेखातील मुख्य सामाजिक संस्था असल्यामुळे तिच्याविषयी तक्रार करण्याआधी तिचे कार्य समजून घेणे योग्य होईल.

बसमधील गर्दीतून उत्पन्न होणारा संबंध ‘सक्तीचा शेजार’ या संज्ञेने ओळखता येतो: ज्याची निवड कोणी केलेली नाही आणि जो हिंडलगा येईपर्यंत बदलता येत नाही, असा शेजार. त्याची सर्वांत विकसित प्रथा म्हणजे दप्तर मांडीवर घेणे. उभ्या विद्यार्थ्याच्या पाठीवरील सॅक मागच्या तीन माणसांची जागा व्यापते, म्हणून बसलेला प्रवासी ती मागून घेतो किंवा उभा असलेला न विचारताच त्याच्या मांडीवर ठेवतो. एका मांडीवर तीन-चार सॅक साचल्या की कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबस अशी त्या प्रवाशाची अवस्था होते. पण त्याचा मोबाइल सर्वांत खालच्या सॅकखाली गाडला गेलेला असल्यामुळे पुढचा अर्धा तास त्याला माणसांकडे पाहण्यावाचून गत्यंतर नसते. दिवसातील काही वेळ मोबाइल दूर ठेवावा, हा जो सल्ला मानसशास्त्रज्ञ शुल्क आकारून देतात, तो येथे विद्यापीठपूर्व भौतिकशास्त्राच्या पुस्तकाच्या वजनाने अमलात येतो.

सॅक मांडीवर घेणारी व्यक्ती आज्जी असल्यास तिला एक अधिकार प्राप्त होतो, तो म्हणजे चौकशीचा. “कुणाचा रे तू?” हा पहिला प्रश्न. विद्यार्थी गावाचे नाव सांगतो. “गाव इचारल्यालं न्हाई, कुणाचा ते सांग,” असा खुलासा मागितला जातो. मग वडिलांचे नाव, त्यावरून आजोबांचे, आजोबांच्या विहिरीवरून चुलत्यांचे आणि चुलत्यांच्या सोयरिकीवरून थेट आज्जीच्या माहेरचे नाते निघते, आणि सुळगा येण्यापूर्वी तो विद्यार्थी तिचा नातू लागतो हे सिद्ध झालेले असते. आधार कार्डावरील बारा आकड्यांना जे काम साधत नाही ते येथे चार प्रश्नांत होते, शिवाय अंगठ्याचा ठसा जुळत नसल्याची अडचण उद्भवत नाही. या पडताळणीचा पर्यावरणाशी थेट संबंध आहे, तो असा की जो मुलगा कुणाचा आहे हे संपूर्ण बसला ठाऊक झाले आहे, तो त्यानंतर कुरकुऱ्यांचे रिकामे पाकीट खिडकीतून भिरकावत नाही. तो ते खिशात कोंबतो, आणि बसमधून उतरल्यावर, जेथे त्याला कुणी ओळखत नाही अशा शहरात, टाकतो.

इअरफोनने सक्तीच्या शेजाराला मोठे आव्हान दिले होते. तरीही जोवर त्याला तार होती तोवर एक टोक एकाच्या आणि दुसरे टोक दुसऱ्याच्या कानात घालण्याची पद्धत होती, ज्यामुळे दोन मित्रांना एकाच गाण्यावर एकमत करावे लागे आणि वळणावर एकाच वेळी एकाच दिशेला झुकावे लागे. बिनतारी इअरफोनने ही शिस्त संपुष्टात आणली. आज्जी मात्र तंत्रज्ञानाने विचलित होत नाही. ती कोपराने ढोसते.

पीयूसीचे दुसरे वर्ष संपता संपता किंवा पदवीच्या पहिल्या वर्षात, वय अठरा पूर्ण होऊन परवाना मिळाला की, आणि कित्येकदा त्याची वाट न पाहता, विद्यार्थ्याच्या आयुष्यात मोटारसायकल येते व अगतिक सदाचाराची परीक्षा सुरू होते. पर्याय समोर येताच त्याची पर्यावरणनिष्ठा ज्या वेगाने ओसरते, तो वेग हिंडलग्याच्या उतारावर प्रत्यक्ष पाहता येतो. त्याच्या बचावाचा युक्तिवाद असा असतो, की एका गाडीवर तिघे बसल्यास दरमाणशी पेट्रोल कमी जळते. हा हिशेब गणिताच्या दृष्टीने बिनचूक असला तरी वाहतूक पोलिसांनी तो अद्याप ग्राह्य धरलेला नाही. गाडीवाल्याचा वेळ वाचतो, यात वाद नाही. मात्र तो वाचलेला वेळ फाट्यावर, गाडी तिरपी उभी करून, बसची वाट पाहणाऱ्या जुन्या मित्रांशी गप्पा मारण्यात खर्च होतो, ही गोष्ट सूक्ष्म निरीक्षणाशिवाय ध्यानात येत नाही. बसने त्याला जो गोतावळा आपसूक पुरवला होता, तो आता त्याला पेट्रोल जाळून गाठावा लागतो.

सायकलीचा प्रयोगही होऊन गेला आहे. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकली देण्याची योजना राबवली आणि ती अनेक वर्षे चालली. या सायकलींनी मुलींना माध्यमिक शाळेपर्यंत पोहोचवण्यात जे साहाय्य केले ते निःसंशय मोलाचे. परंतु शाळा सुटल्यावर त्याच सायकलीच्या मागे दुधाची किटली आणि दांड्याला वैरणीचा भारा लागलेला दिसे, आणि विद्यार्थी पायी घरी येत असे. शासनाच्या नोंदीत लाभार्थी विद्यार्थी, गावाच्या नोंदीत म्हैस. पायी चालणे आरोग्यास हितकारक असल्यामुळे उपदेशकांनी या निष्पत्तीवर आक्षेप घेण्याचे कारण नाही.

आता कचऱ्याकडे वळणे क्रमप्राप्त आहे, आणि येथे उचगावचा भूगोल असा काही चमत्कार करतो की तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून घालावा. बेळगाव शहराचा घनकचरा प्रक्रियेसाठी तुरमुरी येथील डेपोत नेला जातो, आणि तुरमुरी त्याच वेंगुर्ला रस्त्यावर, उचगाव फाट्याच्या पुढे आहे. त्यामुळे रोज सकाळी या भागातील विद्यार्थी शहराकडे निघतात आणि शहराचा कचरा या भागाकडे निघतो. वाटेत कोठेतरी दोघांची गाठ पडते, बस आणि ट्रक एकमेकांना रस्ता देतात, आणि बसमधील मंडळी नाकाला रुमाल लावतात. विद्यार्थ्याने काल शहरातील टपरीवर चहा पिऊन फेकलेला कप आज त्याच्या गावाशेजारी मुक्कामाला येत असतो. परिसंस्थेत टाकलेले काहीही कुठेच जात नाही, ते फक्त दुसऱ्याच्या दारी जाते, असे पर्यावरणशास्त्र सांगते. येथे ते स्वतःच्याच दारी येते, एवढीच दुरुस्ती. विद्यार्थी व कचरा यांतील फरक म्हणजे विद्यार्थ्याला संध्याकाळी परतीची बस वेळेवर मिळेल याची शाश्वती नसते.

कपाचा उल्लेख झाल्यामुळे थोडे विषयांतर करणे आवश्यक ठरते. ज्याला कागदी कप म्हणतात तो निव्वळ कागदाचा नसतो. चहा झिरपू नये म्हणून त्याच्या आतल्या बाजूला पॉलिथिनचा पातळ थर असतो, आणि हाच थर तो कप कुजण्याच्या व पुनर्वापराच्या आड येतो. बेळगावात, तसेच सबंध कर्नाटकात, एक चहा दोघांत वाटून घेण्याची ‘बाय टू’ ही पद्धत आहे. खिशात मोजके पैसे असलेल्या दोघांनी एकाच चहाचे दोन भाग करून त्यावर तासभर मैत्री चालवावी, यासारखी सामाजिक संवादाला पोषक रीत दुसरी शोधून सापडणार नाही. समोर अर्धाच चहा असल्यामुळे तो पुरवून पुरवून प्यावा लागतो आणि बोलणे आपोआप लांबते. काचेच्या ग्लासांच्या काळात ही रीत पर्यावरणालाही निर्धोक होती. कागदी कप आल्यापासून मात्र एका चहाचे दोन कप होतात, म्हणजे मैत्री जितकी घट्ट तितका कचरा दुप्पट, आणि एकट्याने पूर्ण चहा पिणारा माणूसघाणा हाच पर्यावरणाचा खरा मित्र ठरतो. उपदेशपर वाङ्मयात विद्यार्थिहित, पर्यावरण आणि संवाद ही तिन्ही उद्दिष्टे एकाच वाक्यात गुण्यागोविंदाने नांदतात; चहाच्या टपरीवर त्यांची भांडणे लागतात, आणि ती सोडवण्यास ग्लास विसळणाऱ्या मुलाखेरीज कोणी समर्थ नसतो.

प्लास्टिकच्या पिशवीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. कर्नाटकाने २०१६ साली तिच्यावर बंदी घातली, महाराष्ट्राने २०१८ साली घातली, आणि १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने देशभर एकदाच वापरून टाकण्याच्या कित्येक वस्तू निषिद्ध केल्या; पिशव्यांच्या बाबतीत ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान जाडी १२० मायक्रॉन ठरवण्यात आली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कोथिंबिरीच्या दोन जुड्या पातळ पिशवीत घालून देणाऱ्या भाजीवालीने पिशवीची जाडी हजाराव्या भागापर्यंत मोजावी, अशी कायद्याची अपेक्षा दिसते. तिच्या तराजूत पाव किलोचे मापही कधी कधी दगडाचे असते, ही बाब मसुदा करणाऱ्यांच्या नजरेतून निसटली असावी. या सीमेवर भाषा, राज्य आणि पक्ष यांपैकी कशाचाही भेद न करता दोन्ही बाजूंच्या सरकारांना सारखेच जुमानणारी, म्हणजे मुळीच न जुमानणारी, वस्तू म्हणून पातळ पिशवीचा निर्देश करावा लागतो.

तिला पर्याय घरोघरी आहे. साडीच्या दुकानाची, सराफाची, क्वचित एखाद्या पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाची अशा किमान डझनभर कापडी पिशव्या दाराच्या मागच्या खुंटीला लटकत असतात. निघताना आजी त्यांतील एक नातवाच्या हाती देते आणि येताना आले व हिरव्या मिरच्या आणायला सांगते. महाविद्यालयात सराफाच्या नावाची पिशवी घेऊन मिरवणे नातवाला अवघड वाटते, म्हणून तो तिची घडी घालून सॅकच्या तळाशी ठेवतो. संध्याकाळी बाजारात ती काढण्यासाठी सॅक उपसावी लागेल म्हणून मिरच्या पातळ पिशवीतच घेतो. आणि घराच्या अलीकडे थांबून त्या कापडी पिशवीत ओततो. आजीचे समाधान होते, पातळ पिशवी ओढ्यात जाते. संकल्प, कृती आणि देखावा यांचे हे त्रैराशिक इतके सार्वत्रिक आहे की त्याबद्दल एकट्या नातवाला बोल लावणे अन्यायाचे ठरेल. मोठमोठ्या कंपन्यांचे पर्यावरण अहवाल याच पद्धतीने, फक्त अधिक गुळगुळीत कागदावर, सादर होतात.

खाण्याच्या बाबतीत मात्र उचगाव परिसराने विद्यार्थ्याची चांगली सोय केलेली आहे. तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात रताळी भरपूर पिकतात, आणि उकडलेले रताळे हा असा खाऊ आहे की ज्याचे वेष्टन ते स्वतःच वाढवते आणि जे टाकले असता बकरी खाते. चिरमुऱ्यांचेही तेच, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेले चिरमुरे संपल्यावर पुडी वाचता येते, आणि अर्धवट फाटलेल्या बातमीचा शेवट काय झाला असेल यावर वर्गात चर्चा करता येते. ही दोन्ही खाद्ये स्वस्त, स्थानिक आणि पौष्टिक असूनही विद्यार्थी त्यांना पाठ दाखवतो याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. रताळे घरचे आहे, एवढे कारण पुरते.

पत्रावळीची गोष्ट थोडक्यात सांगता येते. उचगावच्या मळेकरणी देवीच्या आमराईत अनेक वर्षे मंगळवारी आणि शुक्रवारी नवस फेडणाऱ्यांच्या जेवणावळी होत आल्या, आणि त्या दोन वारी तासिकांना उपस्थिती कमी का, हे परिसरातील शिक्षकांना विचारावे लागत नसे. पळसाला पाने तीनच असली तरी त्यांची पत्रावळ जेवणानंतर जनावरांच्या पोटात किंवा मातीत जाई. चंदेरी मुलाम्याची पत्रावळ आली आणि जेवणारे निघून गेल्यावरही ती चमकत राहिली.

संवादाच्या दृष्टीने या भागाची सर्वांत लक्षणीय निर्मिती म्हणजे ग्रामीण साहित्य संमेलने. हिवाळा लागला की कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमानी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात, आणि उचगावचे संमेलन त्यांपैकीच एक. एखाद्या तालुक्यातील इतक्या खेड्यांनी इतक्या नेमाने साहित्यिकांना बोलावून, ग्रंथदिंडी काढून, दिवसभर व्याख्याने ऐकावीत, हे दृश्य मराठी मुलखात इतरत्र सहजी पाहायला मिळत नाही. भाषेवर दावा सांगण्याचा हा मार्ग न्यायालयीन मार्गापेक्षा जलद असून त्यात जेवणही मिळते. विद्यार्थी या संमेलनात दोन भूमिकांत वावरतो. सकाळी तो फेटा बांधून लेझीम खेळतो आणि नंतर मंडपात पुढच्या रांगा भरून काढतो. या बसण्यातही निवडीचा अंश नसतो, कारण रांगेच्या दोन्ही टोकांना शिक्षक बसलेले असतात.

तथापि व्याख्यानाने जे साधत नाही ते पंगतीने साधते. जेथे पंगत असते तेथे शेजारी निवडता येत नाही, त्यामुळे आठवीतील मुलाच्या एका बाजूला निवृत्त मुख्याध्यापक आणि दुसऱ्या बाजूला कोल्हापूरहून आलेले कवी असा योग जुळून येतो, आणि भात वाढणारा येईपर्यंत कोणाला तरी बोलावेच लागते. जेथे ताट हातात घेऊन उभ्याने जेवण्याची व्यवस्था असते तेथे कवी कवींजवळ, मुख्याध्यापक मुख्याध्यापकांजवळ आणि मुले गुलाबजामजवळ जातात. मोकळीक मिळाली की माणूस आपल्यासारख्यांतच घुटमळतो, हा समाजशास्त्रातील मान्य सिद्धांत असून, त्यावर उतारा म्हणून ‘अनोळखी व्यक्तीशी रोज बोला’ असा उपदेश करण्यापेक्षा पाट मांडणे अधिक परिणामकारक ठरते. गावातील वाचनालयातही हेच घडते: बेळगावच्या ‘तरुण भारत’चा, ज्याची स्थापना बाबुराव ठाकूर यांनी १९१९ साली केली, अंक आला की त्याची पाने सुटी होतात, एकाकडे अग्रलेख, दुसऱ्याकडे क्रीडा, तिसऱ्याकडे निधनवार्ता, आणि बातमी आतल्या पानावर चालू असल्यास उरलेला मजकूर मिळवण्यासाठी शेजाऱ्याशी बोलण्याला इलाज नसतो. एका अंकावर सहा वाचक आणि तेवढ्याच ओळखी, इतकी काटकसर मोबाइलला अजून साधलेली नाही.

या सर्व निरीक्षणांवरून एक व्यवहार्य निष्कर्ष संभवतो, तो असा की फाट्यावर सकाळी साडेसातला आणखी एक बस सोडणे, टपरीवर काचेचे ग्लास परत आणणे आणि पंगतीत पाट मांडणे या तीन गोष्टी, पर्यावरणदिनी सामुदायिक रीत्या घेतलेल्या वीस प्रतिज्ञांचे काम करू शकतील. पण यांपैकी कशाचेही उद्‌घाटन करता येत नाही आणि उद्‌घाटनाविना फलक लागत नाही, म्हणून त्यांचा विचार मागे पडतो.

फलक हा या भागातील विद्यार्थ्याच्या सामाजिक जीवनाचा कळस होय. वाढदिवस, निवड, अभिनंदन आणि श्रद्धांजली या चारही प्रसंगी चौकात फ्लेक्स लावला जातो; त्यात मध्यभागी उत्सवमूर्ती, वर नेते आणि खाली ‘शुभेच्छुक’ या शीर्षकाखाली गॉगल घातलेली तीस-चाळीस छायाचित्रे असतात. आपले छायाचित्र तिसऱ्या ओळीत घेतल्यावरून मैत्री तुटल्याची उदाहरणे असल्यामुळे या माध्यमाचे सामाजिक महत्त्व कमी लेखता येत नाही. १ जुलै २०२२ च्या केंद्रीय आदेशानुसार १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक निषिद्ध आहेत, आणि कर्नाटकाच्या २०२४ सालच्या कायदादुरुस्तीनुसार व्यावसायिक नामफलकांवर साठ टक्के जागा कन्नडला देणे बंधनकारक आहे. फलकावर कोणती भाषा किती टक्के आहे हे मोजण्यास सीमाभागात नेहमीच उत्साही मनुष्यबळ उपलब्ध असते. फलक किती मायक्रॉनचा आहे हे मोजायला आजवर कुणी शिडी लावल्याचे दिसत नाही.

वाढदिवस झाल्यावर फलक उतरवण्याचे दायित्व कोणाचे, याविषयी शुभेच्छुकांत मौन असते. ते काम पावसाळ्याच्या तोंडावर शेतकरी परस्पर करतो. भाताची मळणी झाल्यावर रचलेली गवतगंजी भिजू नये म्हणून तिच्यावर घालण्यास फ्लेक्ससारखे फुकटचे, लांबरुंद आणि जलरोधक आच्छादन नाही, आणि अशा रीतीने ज्या वस्तूला कायद्याने कचरा ठरवले तिचा गावात पुढची दोन-तीन वर्षे चोख वापर होतो. छापील बाजू वर ठेवावी की खाली, याबाबत मतभेद आहेत. खाली ठेवल्यास रंग टिकतो, पण ज्याचा वाढदिवस होता त्याच्या घरून विचारणा होते. वर ठेवल्यास गंजीवरून चाळीस शुभेच्छुक गॉगल लावून आभाळाकडे पाहत राहतात. वाऱ्याने फलक उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवावे लागतात, आणि ते नेत्याच्या चेहऱ्यावर येणार नाहीत एवढी दक्षता ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली असल्यासच घेतली जाते.